गुणाजीच्या मुलाचे चार घाट

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

गणपती गेले. काळाचौकीत शांतता, पण कानात ताशा अजून वाजतोय.

अकरा दिवस मनात होतं ते आज नक्की केलं. दसरा आणि दिवाळीच्या मध्ये सायकलने गावी जायचं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गगनबावडा आणि खाली आमचं कुसरगाव. साडेचारशे किलोमीटर. चार घाट: बोरघाट, कात्रज, खंबाटकी आणि बावड्याचा.

नोव्हेंबरात मला पन्नास पूर्ण होतील. बाबांनी हेच ब्याऐंशी साली केलं. गिरणीचा संप चालू होता. वय अडतीस, काळी चोवीस इंची सायकल, गिअर नाही. मी तेव्हा गावच्या शाळेत पहिलीत होतो. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. तिथून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बाबा घंटी वाजवत आले. शर्ट घामाने चिंब, अंगाला चिकटलेला. आणि कपाळावर मात्र एक थेंब नाही, भांग जागच्या जागी, धाप नाही. याला दम म्हणतात. साऱ्या गावाने पाहिलं. आजही गावात गेलो की मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही, गुणाजीचा मुलगा म्हणतात.

त्यानंतर बाबांनी आयुष्यात सायकलला हात लावला नाही. कामावर कायम चालत गेले. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "खऱ्या माणसाला एकदाच पुरतं." हे वाक्य वाचनालयात माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं आहे. वर्गणीदार वाचतात.

सराव आजपासूनच करणार होतो. पण रात्री ग्रहण आहे.

८ सप्टेंबर, सोमवार.

पितृपक्ष लागला. नवीन काही सुरू करता येत नाही. बाबांच्या वाटेने जायचं आणि त्यासाठी बाबांचाच पंधरवडा मोडायचा, हे पटेना.

तोवर अभ्यास. वाचनालयात सायकलीवरचं एकच पुस्तक आहे, ‘सायकल: निगा व दुरुस्ती’. शेवटचं बाहेर गेल्याची नोंद एकवीस वर्षांपूर्वीची. पंक्चरचं प्रकरण दोनदा वाचलं. अर्धी लढाई डोक्यात जिंकायची असते.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

मयूरने लॉकडाऊनमध्ये घेतलेली रेसची सायकल गॅलरीतून खाली उतरवली. त्याने ती तीन आठवडे चालवली. नंतरची पाच वर्षं तिच्यावर टॉवेल वाळतात. सुचित्राने विचारलं, आता टॉवेल कुठे घालू? एवढ्या मोठ्या संकल्पापुढे बायकोचा पहिला प्रश्न टॉवेलचा.

भिंतीला टेकवून बसून पाहिलं. सुरुवात म्हणून नव्हे, माप म्हणून. त्यामुळे पितृपक्ष मोडला नाही. टायर बोटाएवढे. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. वाकलं की पोट मांडीला लागतं. अकरा मिनिटं बसलो. मयूरने विचारलं, बाबा, असं बसल्यावर समोरचा रस्ता दिसतो का? मी सांगितलं, नजर खाली असणं ही नम्रता आहे.

पाठीला सुचित्राने तेल लावलं.  

२२ सप्टेंबर, सोमवार.

घटस्थापना. आजपासून सराव ठरलेला. पण नवरात्रात मी अनवाणी असतो, सव्वीस वर्षं. या सायकलच्या पेडलला दाते आहेत. तळपाय ठेवून पाहिला. ठसा उमटला, तो घरच्यांना दाखवला.

देवी आधी, सायकल नंतर. दसऱ्यानंतर पूर्ण आठवडा आहे. बाबांनी तर सरावच केला नव्हता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

सामानासाठी सोबत गाडी हवी. धनेश तयार झाला. बालमित्र, शेजारच्या चाळीतला. त्याने गणपती मंडळाची रुग्णवाहिका एकोणीस वर्षं चालवली. मंडळाने नवीन घेतल्यावर जुनी त्याने घरी आणली आणि तिची कॅम्परव्हॅन केली. आज पाहिली. स्ट्रेचरचा पलंग. ऑक्सिजनच्या कड्यात पाण्याचा कॅन. सलाइनच्या हुकाला आरसा. एक शेगडी, दोन पातेली, आत अजून फिनेलचा वास. बाहेर पांढरा रंग नवीन आहे, पण ऊन पडलं की खालची लाल अक्षरं दिसतात.

धनेश म्हणाला, नाना, तू सायकल चालव, मी मागून येतो, दमलास तर मागे झोप. मी त्याला स्पष्ट सांगितलं की गाडी फक्त सामानासाठी आहे. तो म्हणाला, हो रे, सामान म्हणजे तूच की.

मित्रांनी चेष्टा करावी. इतिहास वेगळं लिहितो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सायकलची पूजा केली. झेंडूची माळ हँडलला. सोनं वाटलं. मग सायकल घेऊन आमच्या गावाच्या खोलीत गेलो. कुसरगावचे गडी मुंबईत आले की पूर्वी याच खोलीत उतरायचे. आता तिथे ग्रामस्थ मंडळाचं कपाट आणि देवीची तसबीर आहे.

मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी गाऱ्हाणं घातलं. एकाने देवीशी बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, अशी आमची रीत. होकार भरला की शब्द देवीकडे पोचला. तो मागे येत नाही.

मला इतकंच हवं होतं की सुखरूप पोचू दे. पण अध्यक्ष रंगात आले. "बा माउली म्हाराजा, आज जो काय गुणाजीचो झील सायकलीर बसान, बापाशीसारखो, चार घाट वलांडून तुझ्या पायाकडे येता हा, त्येका यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तीस माणसं म्हणाली. त्यात मीही.

सुचित्राने घरी येताना विचारलं, आता नाही जमलं तर? मी सांगितलं, हा प्रश्न बाबांना कोणी विचारला नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार.

सराव. करी रोडचा पूल हा माझा घाट.

पहिला दिवस: अर्ध्या पुलापर्यंत. एक हातगाडीवाला पुढे गेला, पण तो रोजचा आहे. दुसरा दिवस: समोरून वारा. आज: शेजारच्या वहिनी दूध घेऊन येत होत्या. मी कठड्याला धरून उभा होतो. त्यांनी विचारलं, बरं नाही का, मयूरला बोलवू का?

विचार केला. पूल सरळ चढतो, घाट वळणं घेत चढतो. म्हणजे घाटाचा चढ पुलापेक्षा सौम्य असणार. हा मुद्दा त्या पुस्तकातही नाही. उगाच पुलावर ताकद घालवण्यात अर्थ नाही. उरलेले दिवस विश्रांती.

९ ऑक्टोबर, गुरुवार. पहाटे ५ ते दुपार ३.

निघालो. चाकाखाली लिंबं, समोर नारळ. चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या होत्या. सुचित्राने ओवाळलं आणि हळूच क्रेप बँडेज हातात दिलं. मी घंटी वाजवत कोपऱ्यावर वळलो.

कोपऱ्यापलीकडे सायकल गाडीत चढवली. ट्रॅफिक. शहरातल्या धुरात फुप्फुसं खराब करून घाटाला काय देणार? बाबांच्या वेळी रस्ते मोकळे होते.

खोपोलीत उतरलो. बोरघाट. मांडी घातल्यासारखा बसलेला डोंगर. एक किलोमीटर चारशे मीटर चढलो. अचूक आकडा मीटरवर आहे. मयूरने मीटर लावून दिलं, त्याची काही गरज नव्हती. शिंग्रोबाचं देऊळ लागलं. ज्या धनगराने घाटाची वाट दाखवली त्याचं. ट्रकवालेसुद्धा इथे हात जोडतात, मी कसा पुढे जाऊ? पाया पडून बसलो. झाडांतून खालचा रस्ता दिसत होता, एवढा आपण चढलो याचं समाधान वाटलं. पाऊण तास बसलो.

उठल्यावर मांड्या थंड झालेल्या. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की थंड मांडीने चढ घेऊ नये. गाडीत बसलो. दोन ट्रकनी बाजू दिली, ऊन पडलं होतं.

बोरघाट: झाला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

कात्रज. जुना बोगदा अंधारा, माझ्याकडे दिवा नाही. म्हणून बोगद्यापर्यंत गाडीतून. पलीकडे उतार होता, तो तीन किलोमीटर सायकलने उतरलो. उतार हा घाटाचाच भाग आहे, हे लोक विसरतात. कात्रज: झाला.

खंबाटकी. इथे खरा चढ. तीनशे मीटरवर चेन उतरली. बसवताना ती कुठे अडकली हे दिसेना, म्हणून रस्त्याकडेला पाठीवर झोपून खालून पाहू लागलो. हात काळे, एक बोट कापलं, ते कपाळाला पुसलं गेलं. धनेशने गाडी मागे लावली. ऊन कडक होतं. लाल अक्षरं सगळी दिसत होती.

पाच मिनिटांत पंधरा माणसं. एका बाईंनी तोंडात पाणी घातलं. एका गृहस्थांनी टोपी काढली. हवालदाराने धनेशला विचारलं, कसं झालं? धनेश शांतपणे म्हणाला, "चढताना."

मी सांगत होतो की मला काही झालेलं नाही. हवालदार म्हणाले, असंच वाटतं सुरुवातीला. चार जणांनी उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. सायकल पायाशी ठेवली. हवालदार मोटारसायकलवर पुढे झाले आणि माथ्यापर्यंत रस्ता मोकळा करून दिला. खिडकीतून लोक हात जोडताना दिसत होते. इतक्या लोकांची सद्भावना, उठून बसणं म्हणजे त्यांचा अपमान. पडून राहिलो. एक-दोनदा मीही हात जोडले.

खंबाटकी: सात मिनिटांत झाला. बाबांनाही इतका वेग नसेल.

धनेशला वाईपर्यंत हसू आवरत नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार. गगनबावडा.

कोल्हापूर सोडल्यावर नऊ किलोमीटर चालवली. सलग. उसाच्या फडांमधून, सकाळच्या गारव्यात. बगळे होते. हे नऊ किलोमीटर कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. सीटखालच्या हाडांना विचारा.

सुचित्राचा फोन. किती चालवलीस? मी म्हटलं, बरीच. ती म्हणाली, "घाटाचं जाऊ दे. उद्या गुरव गाऱ्हाणं घालील, तेव्हा देवीपुढे काय बोलणार तेवढं ठरवून ठेव."

सबंध दुपार हे डोक्यात. लोकांपुढे काहीही म्हणता येतं. धनेश मित्र आहे, हवालदार पुन्हा भेटणार नाही. पण त्या मूर्तीपुढे मी अक्षरं शिकलो. तिच्या ओवरीत पाटी फुटली म्हणून रडलो. तिला मीटर लागत नाही.

निश्चय: उद्याचा घाट संपूर्ण सायकलने उतरायचा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, पाय जमिनीला न लावता. त्या एका घाटात मागचे तिन्ही फिटतील.

रखमाकाकीचाही फोन आला, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. गाव तयार आहे. दहा वाजता देवळात.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.

माथ्यावर उभा आहे. खाली धुकं, धुक्याखाली कोकण. पहिलं वळण पाहून आलो. वळणावर खडी आहे आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. टायर बोटाएवढे आहेत हे पूर्वी लिहिलंच आहे.

नीट विचार केला. उतारावर सायकल आपोआप जाते. मग त्यात माझं श्रेय ते काय? जे श्रेय आपलं नाही ते देवीपुढे मिरवणं बरं नव्हे.

गाडीत बसतो.

१२ ऑक्टोबर. दुपारी २. काकीच्या घरी.

हे लिहायला हात वळत नाही. तरी क्रमाने लिहितो.

ठरलं असं: गावापासून दीड किलोमीटरवर तिठा आहे, जुन्या विहिरीजवळ. तिथे गाडीतून उतरायचं, हेल्मेट घालायचं आणि पुढे सायकलने जायचं. धनेशने अर्ध्या तासाने यायचं.

तिठ्यावर रखमाकाकी बसली होती. दगडावर, एकटी. बाजूला पाण्याने भरलेला तांब्या. तिने मला गाडीतून उतरताना पाहिलं, सायकल खाली घेताना पाहिलं, आणि तिला जराही नवल वाटलं नाही.

"इलस? उतार उतार, कोण बघणा नाय," ती म्हणाली. "तुझो बापूस पण हयच उतारललो."

मला कळेना. मी म्हटलं, बाबा कुठून उतरले?

"एश्टीच्या टपावरसून सायकल काढल्यानी. खालसून मी धरललंय. नवी व्हकल मी, लगीन नुकताच झालला, पाणी भरूक इललंय. माका म्हणाले, रखमा, तांब्याभर पाणी अंगार मार. तोंडार नको, केस इस्कटतत."

भांग जागच्या जागी. कपाळावर थेंब नाही.

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. धनेशने गाडीचं इंजिन बंद केलं आणि उगाच टायर पाहू लागला. मी विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाही? ती म्हणाली, तू विचारलंस कधी? मग म्हणाली, संपाचं वर्ष होतं. गडी हात हलवत घरी येत होते, चोरासारखे, तिन्हीसांजेला. हा एकटा घंटी वाजवत आला. त्या दिवशी सगळ्या गावाला जरा बरं वाटलं.

तिने तांब्या उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शर्ट पुढे केला. पाणी गार होतं. तोंडावर नको, असं मला सांगावं लागलं नाही.

सायकलवर बसलो. फणसाच्या वळणावर शेवटचा चढ आहे. तिथे झाडीमुळे देवळातून काही दिसत नाही. तेवढं अंतर उतरून ढकलत नेलं. पुन्हा बसलो, घंटी वाजवली. मुलं धावत आली.

देवळात माणसं मावत नव्हती. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. पूर्वजांचं, वाडीचं, पिकाचं झालं. मग माझं. बापासारखा सायकलीवर बसून, चार घाट ओलांडून, तुझं लेकरू तुझ्या पायाशी आलं म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी वर पाहिलं. देवीचे चांदीचे डोळे लहानपणी वाटायचे तसेच, रागावलेले नाहीत, फक्त उघडे. पाठीवरून काकीचं पाणी ओघळत होतं.

"नाय म्हाराजा," मी म्हणालो.

त्या देवळात असा शब्द कोणी ऐकला नव्हता. गुरवाने मागे वळून हळूच विचारलं, काय नाय? मी सगळं सांगितलं. शिंग्रोबा, स्ट्रेचर, धुकं. तिठ्यावर गाडीतून उतरेपर्यंत एकूण तेरा किलोमीटर सातशे मीटर, त्यातले तीन उताराचे. बाबांबद्दल बोललो नाही. तो त्यांचा आणि देवीचा प्रश्न आहे. काकी माझ्याकडे बघत होती. मी बोलत नाही असं पाहून तिने डोळे मिटले.

कोणी हसलं नाही. गुरव जुना माणूस. गाऱ्हाणं अर्धं ठेवता येत नाही. त्याने थोडा विचार केला, हात जोडले आणि पुन्हा सूर लावला.

"जा काय चुकला माकला ता पदरात घी म्हाराजा. घाट ऱ्हवले तर ऱ्हवांदेत. पण तिठ्यापासून हयसर, खाली पाय न लावता, लेकरू सायकलीन इला. तेवढा तरी गोड मानून घी म्हाराजा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता पहिला होकार माझा.

फणसाचं वळण आठवलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. इतक्या जोरात की घंटेवरचं कबूतर उडालं.

काकीने तोंडाला पदर लावला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आवाज पण बापाशीचोच."

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

परत निघतोय. सायकल काकीच्या पडवीत ठेवली आहे. तिने सकाळीच तिच्यावर दोन टॉवेल घातले.

उद्यापासून वाचनालयात चालत जायचं. घरून पंधरा मिनिटं लवकर निघायचं.

मयूरचा फोन आला. सायकल परत का आणत नाहीस म्हणून विचारत होता.

मी सांगितलं, खऱ्या माणसाला एकदाच पुरतं.